बाबांना फुटलेला कोंब

२०२० मध्ये आईबाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आयर्लंडमध्ये, गॉलवेला आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. आईनं माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाबांना काम उरलं नाही. जेवण झालं की ते मागच्या अंगणात खुर्ची टाकून ढिम्म बसत.

शेजारी एक जपानी कलाकार राहायची. ती माणसांची चित्रं काढायची, मातीचे पुतळेही करायची. एकदा कुंपणावरून तिनं मला विचारलं, "तुझे वडील फार छान बसतात. मी त्यांचा पुतळा केला तर चालेल का?"

नुसतं बसण्याबद्दल बाबांचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं, आईनं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, कोट-टाय घालून हजर. आठवडाभर ते इकडे बसले आणि ती कुंपणापलीकडून त्यांची रेखाटनं करत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात गॅलऱ्या उघडल्यावर तिच्या प्रदर्शनाला आम्ही तिघंही गेलो. बाबा तोच कोट घालून. पुतळ्यावर मात्र कोटाचा पत्ता नव्हता. पाय मुळ्यासारखे निमुळते होत गेलेले, कान अळंबीचे, आणि बेंबीतून एक हिरवा कोंब वर आलेला.

"हा मी आहो?" बाबांनी विचारलं.

"पोट तर तुमचंच आहे," आई म्हणाली.

शेजारी उभे असलेले एक आयरिश आजोबा पुतळ्याकडे बघून "युअर मॅन इज ग्रँड" असं पुटपुटले. हा गडी मजेत आहे, असं मी बाबांना सांगितलं. त्यानं ते जरा सावरले.

"तिले विचार, हा कोंब काहून काढला?"

मी विचारलं. ती संकोचून म्हणाली, "रोज त्याच जागी बसायचे. मला वाटलं, आणखी महिनाभर राहिले तर इथंच मूळ धरतील."

बाबांनी वाकून तो कोंब नीट पाहिला. मग म्हणाले, "सांग तिले, तिकीट मिळालं का मले उपटून नेणार आहेत."

मी इंग्रजीत सांगितल्यावर ती इतकी हसली की तिचा मास्क घसरला.

शरद ऋतूत आईबाबा परत गेले. पुतळा कुणीतरी विकत घेतला. तो कुणाच्या घरी आहे, हे बाबा फोनवर अजून विचारतात. शेजारणीनं मला एवढंच सांगितलंय की पुतळा ठेवलाय ती खिडकी दक्षिणेला आहे, ऊन चांगलं येतं.