उघडं टेबल

गुजरातेत दारूबंदी, आणि बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या दिवाणखान्यात मधोमध बार! हे सासऱ्यांचं काम. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात त्यांना एक बुटकं सागवानी टेबल दिसलं. पाय खाली निमुळते होत गेलेले, वरच्या दोन फळ्या बाजूला सरकवल्या की पोटात बाटल्यांसाठी गोल खाचा. सासऱ्यांना साध्या सुपारीचंही व्यसन नव्हतं, पण टेबल मनात भरलं. खाचांमध्ये कोकम आणि वाळ्याच्या सरबताच्या बाटल्या जाऊन बसल्या.

मग त्यांनी घराला नियमच लावला. शनिवारी संध्याकाळी फळ्या उघडायच्या, सगळ्यांनी सरबत घ्यायचं आणि ज्याला जे खुपतंय ते तोंडावर बोलायचं. फळ्या बंद, विषय बंद. नवी सून म्हणून मी सुरुवातीला गप्प बसायची. एका शनिवारी सांगून टाकलं, "मामंजी, मी नोकरी करणार." त्यांनी माझा ग्लास पुन्हा भरला. त्यानंतर मला गप्प बसवणं कुणालाच जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात मुलगा त्याच्या निजामपुऱ्यातल्या घरून आला आणि मोबाइलवर टेबलाचे फोटो काढायला लागला.

"असल्या जुन्या बारला हल्ली फार मागणी आहे, आई. विकून टाकू."

गावाबाहेर समा भागात मोठा फ्लॅट घेऊन मला तिकडे न्यायचं, असं तो वर्षभर घोकत होता. आता मात्र फ्लॅटचं नावच काढत नव्हता. मी सरळ फळ्या सरकवल्या आणि दोन ग्लास भरले.

"आज कुठे शनिवार आहे?"

"नसू दे. बेस ने, बस इथे, आणि काय ते बोल."

त्याने एक घोट घेतला. "आम्ही कॅनडाला चाललोय, आई. फ्लॅट नाही घेत. हे टेबल दिसलं की बोलावं लागणार, म्हणून..."

मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण डोकं ठिकाणावर होतं. माझी पेन्शन आहे, गुडघे शाबूत आहेत, शेजारपाजार सोन्यासारखा आहे. हे सगळं त्याला ऐकवलं. फोनवर खोटं खोटं 'छान चाललंय' म्हणायचं नाही, अशी तंबीही दिली. तो रडायला लागला.

"जाऊ नकोस," असं मला म्हणायचं होतं. मी तेही म्हणाले. त्याचे डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "आता जा."