मेथी, गुऱ्हाळ आणि तासाला एक टर्न

वंदनाताईंचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. फ्रीजवरच्या मॅग्नेटसारखे ते आपोआप साठले. कुठला कधी आला आठवत नाही, पण एकही काढून टाकवत नाही.

वंदनाताई अकोल्याच्या. मराठी शाळेत अकरा वर्षं गणित शिकवलं, मग नवऱ्याच्या रिसर्चच्या नोकरीमुळे सिंगापूरच्या बेडोकला आल्या. इथल्या एका ट्यूशन सेंटरला त्यांचं गणित आवडलं, पण अट पडली: आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हा, मग ट्रायल क्लास. म्हणून दर शनिवारी सकाळी आमच्या ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी आम्ही बसायचो. त्या, त्यांचे मिलिंदराव आणि शिकवणारी मी. म्हणजे माझा तसा समज होता.

*

पहिल्याच शनिवारी मी ‘मेटिक्युलस’ हा शब्द दिला आणि ऐटीत इंग्रजी व्याख्या सांगितली.

वंदनाताई म्हणाल्या, “एवढं कशाला? मेथी-क्युलस. मेथीचं एकेक पान बघून निवडतो तो.”

मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकले. इतकी चांगली व्याख्या मला तिथे कुणी दिली नव्हती.

*

‘टॅसिटर्न’ म्हणजे अबोल. हा शब्द काही केल्या डोक्यात बसेना. मग त्यांचं लक्ष शेजारी पेपर वाचणाऱ्या मिलिंदरावांकडे गेलं.

“तासाला एकच टर्न घेतो तो टॅसिटर्न. हो ना हो?”

“हं,” मिलिंदराव म्हणाले.

वंदनाताईंनी घड्याळ बघितलं. “झालं. आता थेट साडेअकराला.”

*

‘गॅरलस’ म्हणजे अखंड बडबड करणारा. त्याला त्यांनी ‘गुऱ्हाळ’ जोडलं, आणि शिक्षा मला झाली. माझ्या क्वीन्सटाउनच्या ऑफिसात मॅनेजर एका क्लायंटबद्दल म्हणाला, “ही इज अ बिट गॅरलस.” सूट घातलेला तो माणूस चरकात ऊस घालतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी भर मीटिंगमध्ये फिसकन हसले. मॅनेजरने कारण विचारलं. सगळ्यांना गुऱ्हाळ समजावून सांगण्यात मीटिंग संपली.

तेव्हापासून ऑफिसात मलाच गॅरलस म्हणतात.

*

परीक्षेत पहिल्यांदा त्या चार मार्कांनी नापास झाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला जाणार होतो. मला वाटलं, त्या येणार नाहीत. आल्या. होडीत त्यांचे सुजलेले डोळे दिसत होते.

बेटावरच्या चढावर त्या तीनदा पडल्या. माझ्या लेकीला मराठी कळतं, पण ती बोलते इथल्यासारखंच. ती म्हणाली, “आंटी, पुश अँड वॉक ऑल्सो कॅन, लाह.”

वंदनाताईंनी गुडघा झटकला. “पेपरात ‘टेनेशस’ होता, तो मला आला नाही. आता येईल. ठाणेशस. ठाण मांडून बसणारी, चिवट.” आणि चौथ्यांदा सायकलवर बसल्या.

मी केव्हाच उतरून चालत होते. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला, आणि पहिल्या शनिवारच्या माझ्या ऐटीची लाज.

*

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. ट्रायल क्लासच्या संध्याकाळी माझा फोन वाजला. मिलिंदराव! चार वर्षांत पहिल्यांदाच.

“मी काचेबाहेर उभा होतो,” त्यांनी सुरुवात केली. “सेंटरच्या बाई म्हणाल्या, गणित नंतर, आधी मुलांना एक शब्द शिकवा. हिने फळ्यावर मेटिक्युलस लिहिलं अन् मेथीचं सांगितलं. दहा पोरं, मेथी कुणालाच ठाऊक नाही. मग हिने विचारलं, तुमच्या घरी काय असतं? एक मुलगी म्हणाली, मी. इथे नूडल्सना मी म्हणतात ना, ते. ‘मी-टिक, टीचर! चेक एव्हरी नूडल, देन टिक!’ अख्खा वर्ग मी-टिक, मी-टिक करतोय, सेंटरच्या बाईसुद्धा. सोमवारी हिच्या नोकरीच्या परवान्याचे कागद करायला बोलावलंय.”

मग ते अकोल्याच्या शाळेवर गेले, तिथून लग्नावर, तिथून सासऱ्यांच्या जुन्या सायकलवर. मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती आणि मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

तेवढ्यात मागून वंदनाताईंचा आवाज आला. “अहो, गुऱ्हाळ आवरा. आता तिचा टर्न.”