लोखंडाचा उतारा

आमच्या सासूबाई कुठे आहेत, हे घरात कुणाला विचारावं लागत नसे. कुरुळीतली शेती कंपन्यांसाठी गेली तेव्हा आलेल्या पैशांतून सासऱ्यांनी खोल्यांची एक लांबलचक रांग बांधली आणि वर आम्हाला राहायला घर. खोल्यांत कंपन्यांमधली माणसं भाड्याने राहतात. सासऱ्यांच्या मागे सगळा कारभार सासूबाईंकडे आला. कोण खोली सोडून गेलं, कुणाचं कुलूप बदललं, पाण्याची मोटर कधी लावायची, सगळं त्याच बघत. त्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. जिन्यातून आधी जुडगा वर यायचा आणि मागून सासूबाई. लग्न होऊन आले तेव्हा तो आवाज ऐकला की माझा मोबाइल आपोआप उशीखाली जायचा.

त्या आवाजाने खूश होणारा घरात एकच जीव होता, आमची मांजर. शेत ताब्यात द्यायच्या आधी तिथे कडब्याची शेवटची गंजी होती, तिच्यात ती जन्मली आणि सासूबाईंनी तिला ओच्यात घालून घरी आणली. जमीन गेली, तिच्यातलं एवढंच राहिलं, असं त्या कुणालाही सांगत. आता मांजर म्हातारी झाली होती. आम्ही हाका मारमारून दमलो तरी ढुंकून बघायची नाही. भाव खाते, असं आम्ही म्हणायचो. पण सकाळी मोटर बंद करून सासूबाई दुधाची पिशवी घेऊन जिना चढू लागल्या, की ही कुठूनही उठून वरच्या पायरीशी हजर. नवऱ्याला याचा फार हेवा वाटायचा. लहान असल्यापासून ही माझ्या ताटातलं खाते आणि ओळख दाखवते ती फक्त आईला, असं म्हणायचा.

गुरुवार होता. माझ्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून मी सावकाश पोहे करत होते. नवरा पहिल्या शिफ्टला गेला होता. सासूबाई जिना चढत होत्या, मांजर पायरीशी बसली होती. अचानक तिच्या अंगाला एक हिसका बसला, मागून कुणी ढोसावं तसा. मग दुसरा. मग ती कुशीवर पडली आणि चारही पाय सायकल मारल्यासारखे चालू लागले. जबडा चावल्यासारखा हलत होता, तोंडाला फेस आला, खाली लघवीचा ओघळ. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ती नव्हती. झारा हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. कुणीतरी उंदराचं औषध टाकलं आणि आपली मांजर आपल्या समोर मरतेय, एवढंच मला कळत होतं.

सासूबाई तिच्याजवळ बसल्या, आकडी आहे म्हणाल्या आणि त्यांनी कमरेचा जुडगा काढला. आमच्याकडे माणसाला आकडी आली की त्याच्या मुठीत लोखंड देतात, किल्ल्या म्हणा, विळी म्हणा, जे हाताशी येईल ते. लोखंडाने आकडी उतरते. मांजराला कुठली मूठ? सासूबाईंनी जुडगा तिच्या पंजाखाली सरकवला. तो निसटला तसा पुन्हा सरकवला, लोखंड नीट लागावं म्हणून हलवला. कमी होऊ लागलेले झटके पुन्हा वाढले. जोराची आहे म्हणून त्यांनी जुडगा आणखी दाबून धरला. खालचे भाडेकरू जमले. कुणी कांदा हुंगवायला सांगत होतं, कुणी चप्पल.

शेवटी एकदाची ती शांत झाली. उठली, भिंतीला धडकली, झिंगल्यासारखी दोन फेऱ्या मारल्या आणि दुधाच्या वाटीपाशी जाऊन प्यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, उतरली का न्हाई?" मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले.

मधल्या काळात मी नवऱ्याच्या कंपनीत फोन केला होता. आत मोबाइल चालत नाही, गेटवरच्या माणसाकडे निरोप ठेवावा लागतो. मांजराला फिट आलीय, असं मी रडत रडत सांगितलं. नवऱ्यापर्यंत निरोप पोचला तो असा, की घरून फोन होता, मांजर फिट आहे. एवढं सांगायला बायकोने गेटवर फोन करावा, याचं त्याला दिवसभर नवल वाटत राहिलं आणि घरी आला तो हसतच. त्या संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं.

पुढचा आठवडा बरा गेला. मग दुसरी आकडी आली, मग तिसरी. सासूबाईंचं लोखंड प्रत्येक वेळी तयार. तिसऱ्या वेळी आकडी थांबेचना. पुढच्या शटरच्या गाळ्यात आमचा एक मुसलमान भाडेकरू दुचाकीचं गॅरेज चालवतो. त्याने हातातलं काम टाकून भावाची रिक्षा आणली आणि आम्हाला आकुर्डीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या वाटेत मी मांजर टॉवेलात धरून बसले होते. तिचं अंग हिसके देई, तसतसं मी त्याला रिक्षा जोरात घ्या म्हणत होते, आणि चाकणच्या रस्त्यावर कंटेनर लागले होते एकाला एक चिकटून. इतकी असहाय मी आधी कधीच झाले नव्हते.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं. रक्तात काही नव्हतं. गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की आकडी आली की हात लावू नका, तोंडात काही घालू नका, आणि ती यायच्या आधी काय घडतं तेवढं बघत जा.

तेव्हापासून भीती घरात राहायलाच आली. कंपनीत मी क्वालिटीत आहे, पार्ट तपासते. हातात पार्ट असायचा आणि डोळ्यांसमोर जिना. सुटल्यावर बसमधून उतरले की पाय भराभर उचलत आणि दाराशी येऊन थबकत. मांजर झोपलेली दिसली की आधी तिच्या बरगड्यांवर बोटं ठेवायची, हलतायत का बघायची, मगच चप्पल काढायची. झोपेत तिची मिशी हलली तरी मी हातातलं काम सोडून तिच्यापाशी जाऊन बसे. आपण एका जनावरासाठी इतकं भितो याची लाज वाटे आणि भीती काही कमी होत नसे.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मी बघत होते. कंपनीत पार्ट खराब निघाला की एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. इथे मी पहिल्या 'का'लाच थांबले. मांजर पडायची ती सासूबाई आल्या की. दुसरं कुणी आलं की नाही.

हे मी कुणाशी बोलले नाही, पण सासूबाईंना ते माझ्या आधीच कळलं होतं. त्या वर कमी येऊ लागल्या. दिवसभर खाली मोटरच्या खोलीपाशी खुर्ची टाकून बसत, जेवणही खालीच मागवत. मी ताट घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरून बसवलं.

"तिला दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "माज्या मागं कोन तरी हुभं हाय. मांजराला दिसतं ते मानसाला न्हाई दिसत."

मी म्हटलं, आत्या, काहीतरीच काय बोलताय. त्यांच्या मागे मोटरची काळी खोली होती, आणि खोटं कशाला बोलू, मी तिकडे बघितलं.

"माज्यावरचं ती अंगावर घेतीया," त्या म्हणाल्या. "किती दिस घेईल?"

मग त्या राजगुरूनगरला बहिणीकडे निघून गेल्या, किल्ल्यांसकट. मांजराला थोडा आराम पडेल, हे एकच कारण. नवऱ्याला त्यांनी तिथूनच फोनवर मोटरचं कुलूप फोडून नवीन घ्यायला सांगितलं. त्या गेल्या आणि आकडी थांबली. सासूबाईंच्या म्हणण्याला पुरावाच मिळाला. मांजर मात्र रोज सकाळी वरच्या पायरीशी जाऊन बसे आणि दूध पुढे ठेवलं तरी खाली बघत राही.

अशाच एका सकाळी डबा भरताना माझ्या हातून चमचा निसटला आणि स्टीलच्या ताटात पडला. खण्ण. मांजर ओट्याखाली बसली होती. तिच्या अंगाला तोच हिसका बसला, मग दुसरा, आणि ती पडली. मी तिच्याजवळ बसून राहिले, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हात मागे बांधून. तिचे पाय फरशीवर आपटत होते आणि मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडत होता. सासूबाई घरात नव्हत्या. राजगुरूनगरला होत्या. त्यांच्या मागे कुणी उभं नव्हतं.

त्याच दिवशी रजा टाकून पुन्हा आकुर्डीला गेले. डॉक्टरांनी मांजराच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या, शेजारच्या टेबलावर जाड पुस्तक आपटलं. तिने कानही हलवला नाही. ती जवळजवळ ठार बहिरी झाली होती, बहुधा फार आधीपासून. काही म्हाताऱ्या मांजरांचं असं होतं म्हणाले. बाकी काही ऐकू येत नाही, पण धातूवर धातू आपटल्याचा बारीक, उंच आवाज तेवढा पोचतो आणि नेमका तोच मेंदूला सोसत नाही. गोळी बदलून देतो, पण तो आवाज बंद करा. घरात असा आवाज वरचेवर कशाचा होतो, असं त्यांनी विचारलं. माझा हात आपोआप कमरेकडे गेला, सासूबाईंचा जुडगा असतो तिथे.

नवऱ्याचं मत पडलं की आईला सांगायचं नाही. किल्ल्या गुपचूप दुसरीकडे ठेवू, कशाला म्हातारीच्या जिवाला लावायचं? मी म्हटलं, तिच्या जिवाला आधीच लागलंय, ती मरणाची वाट बघत बसलीय. यावरून पुन्हा वाजलं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, पण आता आम्हाला तेही परवडणारं नव्हतं. आम्ही कुजबुजत भांडलो. आमची सगळी भांडी स्टीलची.

शेवटी मीच राजगुरूनगरला गेले. सासूबाई बहिणीच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी शेजारी बसले आणि चमच्यापासून सगळं सांगितलं. तुमच्या मागे कुणी नाही आत्या, आवाजाने होतं ते. किल्ल्यांचा आवाज. त्यांचा हात थांबला.

"मंग म्या लोखंड देत हुते ते?"

मी मान खाली घातली. त्यांनी लसूण बाजूला सारला.

"तुजी हाक जात न्हाई तिला?"

"नाही."

"त्याची?"

"कुणाचीच नाही. डॉक्टरांनी तपासून बघितलं."

"म्हंजी येवढ्या दिसांत तिला फकस्त मीच ऐकू येत हुते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मरण मागे उभं नाही हे कळल्यावर माणूस हसेल, असं मला वाटलं होतं. त्या कितीतरी वेळ रडल्या. मग जुडगा कमरेचा काढून त्यांनी माझ्या ओटीत टाकला. मी तो ओढणीत गच्च गुंडाळून घरी आणला. मला रस्ताभर त्याचा विंचवासारखा धाक वाटत होता.

गॅरेजवाल्याने जुन्या ट्यूबचे तुकडे कापून एकेका किल्लीला चढवून दिले. भाभी, आता आईच्या हातात दगड वाजेल पण ही नाही वाजणार, म्हणाला. आम्ही जेवायला प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि लाकडी चमचे आणले. आरतीची घंटा कपाटात गेली, टाळ देवळात देऊन टाकले. गणपतीसमोर आता आम्ही टाळ्याच वाजवतो. सासूबाई परत आल्या. आकड्या पूर्ण थांबल्या नाहीत. शेजारी कुणाची कढई पडते, कुणी लोखंडी गेट आपटतं, आणि ती पडते. पण वरचेवर नाही, आणि लोखंड आता कुणी देत नाही. हात मागे घेऊन आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसतो आणि ती परत येईपर्यंत एकमेकींकडे बघत नाही.

एकच गोष्ट बदलली नाही. सकाळी मोटरच्या वेळेला मांजर पायरीशी येऊन बसतेच. काही ऐकू येत नाही तरी बसते. सासूबाई बिनआवाजाच्या वर येतात आणि ती दचकू नये म्हणून दोन पायऱ्या खालूनच फरशीवर हाताने थाप मारतात. पायाखालची थाप तिला कळते.

परवा ती थाप आली नाही. मोटर बंद होऊन बराच वेळ झाला होता. मी फोडणीत ढवळता ढवळता थांबले. पूर्वी जिन्यात काय चाललंय ते मला ओट्यापाशी कळायचं. आता काहीच कळत नव्हतं. तशीच पळत बाहेर आले. सासूबाई वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले, आणि मांडीवर मांजर, तिचेही डोळे मिटलेले. दोघी हलत नव्हत्या. दोघींपैकी आधी कुणाला हात लावावा, मला सुचेना.

सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. घाईत मी स्टीलचा झारा घेऊनच बाहेर आले होते आणि तो कठड्याच्या लोखंडी गजापासून जेमतेम बोटभर लांब होता.

"त्यो झारा संबाळ," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."