खिमटाचे दोन मार्क

आईला बाहेरून आठवीची परीक्षा द्यायची होती. नाशिकमधल्या मुलींच्या वसतिगृहात ती बारा वर्षं स्वयंपाक करत होती, तीही रोजंदारीवर. कायम व्हायचं तर आठवी पास पाहिजे, आणि गणितात ती एकदा आपटून आली होती. "आता नापास झाले तर पुस्तकं रद्दीत," असं तिने बजावून ठेवलं होतं. शिकवायला मी. माझं डोकं तापायला फारसं कारण लागत नाही.

त्या दिवशी गुणोत्तराचं उदाहरण होतं. चार वाट्या तांदळाला आठ वाट्या पाणी, तर चाळीस वाट्यांना किती? तिने लिहिलं, पासष्ट. मी लाल पेनाने काट मारली. तिने शेजारी पुन्हा पासष्टच लिहिलं.

"अगं, तांदूळ दहापट, तर पाणीही दहापट. ऐंशी."

"ऐंशी घातलं तर खिमट होईल. मोठ्या पातेल्यात पाणी कमी लागतं. त्यात घोटीचा नवा तांदूळ असला तर आणखीन कमी."

"पुस्तकात पातेलं नाहीये, आई!" मी वही आपटली. ती उठून गेली आणि दोन दिवस तिने पुस्तकाला हात लावला नाही. मला माझीच लाज वाटली, पण माघार कोण घेणार?

रविवारी कॉलनीत चाळीस-पन्नास माणसांचं जेवण होतं. भात मी अंगावर घेतला. पाणी मोजून, अगदी पुस्तकाबरहुकूम. व्हायचं तेच झालं, खिमट. लहान बाळांच्या आया तेवढ्या खूश होत्या. आई हसली नाही, हे तिचे उपकार.

भांडी घासताना मी विचारलं, "मग दुपटीला दुप्पट असं तुझ्या स्वयंपाकात काहीच नाही का?"

"हाय की. पोळ्या. किलोला तीस, तर पाच किलोला दीडशे. त्यात फरक नाय पडत."

मग काय, रंगाचे डबे, गाडीचं डिझेल, सरबतातली साखर, सगळ्याच्या आम्ही पोळ्या लाटल्या. आईचं एकही उत्तर चुकेना.

परीक्षेच्या दिवशी मी गेटबाहेर उभी होते. आई बाहेर आली.

"तांदळाचंच आलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"दिला खिमट करून."

निकालात गणिताला बेचाळीस होते. मला रडू आवरेना.

"त्यातले दोन खिमटाचे," आई म्हणाली, आणि कायम होण्याचा अर्ज लिहायला तिने माझंच लाल पेन मागितलं.