झाडी कुठून सुरू होते

बडनेऱ्याच्या स्टेशनावर आईनं माझ्या ओटीत नारळ घातला आणि खिडकीशी येऊन कानात म्हणाली, "वर्धेच्या पुलावर डोये मिटून घेजो वं माय. पलीकडं झाडी लागते. झाडीत गेलेली पोर वापस येत नाही."

मला हसू आलं. नवं लग्न, नवं लुगडं, नवरा कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात. हसू नाही तर काय येणार! वर्धा नदीवरचा पुलगावचा पूल आला तेव्हा मी मुद्दाम डोळे टक्क उघडे ठेवले. नागपूरला एक बाई डब्यात चढल्या. त्यांना विचारलं, झाडी हीच का हो? त्या केवढ्या रागावल्या! "झाडी इथं कुठली? ती वैनगंगेपलीकडं." गोंदियाला एका म्हाताऱ्यानं बोट दाखवलं ते आणखी पुढं, जंगलाकडं. झाडी म्हणजे अडाण्यांचा मुलूख; ती आपल्या गावात असल्याचं कोणीच कबूल करेना. असं करत करत हावडा आलं.

तिकडं राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इथं मजेत होतो. बालीगंजच्या त्या दोन खोल्यांत पहिलं वर्ष मी मुक्यासारखं काढलं. मग दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माई भेटल्या. नागपूरच्या, आईच्या वयाच्या. त्यांनी मला लेकच मानलं. माझी चोरओटी त्यांनी भरली, डोहाळजेवण त्यांनी केलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. माई म्हणाल्या, "माहेर चालत दारात येईल. तू कशाला भितेस?" त्या शब्दावर मी निर्धास्त झाले.

शेजारी एक मावशी राहायच्या, फाळणीत पद्मा नदीपलीकडून घरदार टाकून आलेल्या. सगळी गल्ली त्यांना 'बांगाल', म्हणजे पूर्वेकडच्या गावंढळ, म्हणून हिणवायची. बांगाल नेमके कुठपासून सुरू होतात, यावर गल्लीचंही एकमत नव्हतं. आमचे हे माईंच्या यजमानांना, नानांना, झाडीतले म्हणून चिडवायचे आणि ते यांना वऱ्हाडी म्हणून, ते मी मावशींना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "आधी हसतातच, बउमा," म्हणाल्या. सून म्हणून त्या मला बउमा म्हणत. "मग पान वेगळं होतं. मग..." आणि त्या पदर सारखा करत बसल्या.

त्या वर्षी नव्या प्रांतांच्या चर्चेनं पुरुषांची डोकी फिरली होती. नागपूर कुणाचं, वऱ्हाड कुणाचं, विदर्भ वेगळा की मुंबईबरोबर, रोज तोच काथ्याकूट. गणपतीच्या पंगतीला माईंनी वडाभात केला होता. नाना आमच्या ह्यांच्या शेजारीच बसले होते. पहिला घास घेऊन हे मोठ्यानं म्हणाले, "वा! झाडीतल्या लोकांनाही रांधता येतं म्हणायचं!"

एरवी नानांनी सव्वाशेर उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी पानावर हात आडवा धरला, चित्राहुती ओलांडल्या आणि भरल्या पानावरून उठले. कुणी हसलं नाही. माई वाढायचं भांडं तिथंच ठेवून त्यांच्यामागे निघाल्या. मला सातवा महिना होता.

माई यायच्या थांबल्या. हे दोनदा माफी मागायला गेले, दोन्हीदा दार बंद. मावशींनी मला एकदाच विचारलं, "पान वेगळं झालं?" मी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या माझं पाणी भरू लागल्या.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी हे धावत माईंकडं गेले. नानांनी दार अर्धंच उघडलं आणि इंग्रजीत सांगितलं, की बायकोला आज सवड नाही. आमच्याशी, इंग्रजीत! त्यांच्या मागे माई उभ्या होत्या. हातात गाठोडं होतं, धुऊन मऊ केलेल्या जुन्या लुगड्यांचं, वर खोचलेली डिंकाची पुडी. बांधून तयार ठेवलेलं. नानांनी दार लावलं.

माझी मुलगी मावशींच्या हातावर आली. जगली, वाढली, मराठीपेक्षा बंगाली बरं बोलते. नानांची बदली नागपूरला झाली, तेही आम्हाला दूधवाल्याकडून कळलं.

मेल्यांनो, काय मिळवलंत? वर्धेचे दोन्ही काठ तेव्हाही एकाच राज्यात होते आणि नवी रचना होऊनही एकाच राज्यात आहेत. आई गेली. माहेरी आता भाऊ आहे, भावजय आहे, दोघं प्रेमानं बोलावतात. दर खेपेला निघण्याआधी मी माईंना कार्ड टाकते, अमुक दिवशी गाडी नागपूरला थांबेल, नात बघायला या. मुलगी खिडकीत बसून प्रत्येक म्हातारीकडं बोट दाखवते, "आई, एई माई?"

वर्धेच्या पुलावर मी आजवर कधी डोळे मिटले नाहीत. नागपूरहून गाडी हलली की मिटते.