दारावर आलेली माणसं

आई गेली आणि लोक दारावर आले. दुःखाच्या घरी भेटायला जाण्याला आमच्या खान्देशात दारावर जाणं म्हणतात. ओट्यावर सतरंजी होती. तिच्यावर आरोग्य केंद्राचे डॉक्टर, नर्सबाई, पंचायत समितीचे साहेब आणि भिंतीकडेने गल्लीतल्या बाया. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती तेव्हा यांच्यातलं प्रत्येक जण येऊन गेलं होतं. एकेकटं. एकत्र बसले ते ती गेल्यावर.

ती अर्धांगाने गेली नाही, पडून पडून पाठीला झालेल्या जखमेने गेली. कूस बदलत राहा, असं नर्सबाईंनी मला सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ मी बदलत होते; दुपारी मी नंदुरबारला, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीवर. शेजारणींना विनवलं होतं. त्या हो म्हणायच्या आणि उंबऱ्यावरूनच विचारपूस करून परतायच्या. मला कारण कळत नव्हतं.

सतरंजीवर डॉक्टर हळूच म्हणाले, "हवेची गादी मिळाली असती तर..."

"गादी?" साहेब म्हणाले. "ती आमच्याकडे पडून आहे. कुणी मागितलीच नाही."

"मला वाटलं, तुमच्याकडे नसणार," डॉक्टर म्हणाले.

मग समोरच्या काकू पदर सावरत मला म्हणाल्या, "नर्सबाई हातमोजा घालीसन तुन्ही मायले हात लावे. आम्हले वाटनं, लागनारं दुखनं शे. मंग आम्ही कशा येवूत?"

"अहो, माझ्या हातावरून आजींना काही लागू नये म्हणून घालत होते मी!" नर्सबाई म्हणाल्या.

काकूंचे यजमानही अर्धांगाने पडून होते, नुकतेच. मी विचारलं, "काकांची कूस कोण बदलतं?"

"कूस? त्यासले हलाडानं नही. दुखस."

"काका?" नर्सबाईंनी विचारलं. "कोणते काका?"

दारावर आलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही, मुकाट उठतो. तसे हे उठायला लागले. मी पायरीवर आडवी उभी राहिले.

"समोरच्या घरी चला. सगळे."

"ताई, आज तुमचा दुःखाचा दिवस," साहेब म्हणाले. "समन्वयाची एक बैठकच लावू आपण."

"बैठक झाली. आत्ता झाली, माझ्या आईच्या दुःखात. चला."

माझा आवाज इतका चढलेला त्या गल्लीने कधी ऐकला नव्हता. ते आले.

डॉक्टरांनी काकांचा खांदा धरला, दोन बायांनी कंबर, आणि त्यांना कुशीवर वळवलं. काका कण्हले. माकडहाडावर लालभडक चट्टा होता. नर्सबाईंनी बोटाने दाबून पाहिलं. "अजून फुटलं नाही. जपलं तर फुटणार नाही." मग त्यांनी काकूंचा हात धरून काकांच्या पाठीखाली नेला, कुठून उचलायचं ते दाखवलं. बायांनी दुपारच्या पाळ्या तिथेच वाटून घेतल्या. साहेब अंगणात जाऊन फोनवर गादी आत्ताच पाठवा म्हणून ओरडत होते.

बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हाताला लागेल ते फेकून मारावं. एवढंच होतं करायचं. एवढंच.

नर्सबाई बाहेर येऊन माझा हात धरू लागल्या. "ताई, बरं झालं तुम्ही सांगितलंत."

मी हात सोडवून घेतला. "मला नका सांगू. उद्या येणार का, ते काकूंना सांगा. आत जाऊन सांगा."

त्या आत गेल्या. त्यांचं उत्तर कानावर येईपर्यंत मी दारातून हलले नाही.