शटरवाले काका

दिग्रसच्या बाजारात औषधांची दुकानं बरीच, पण समोरच्या टपरीवर चहाला जाताना शटर पाडून कुलूप लावणारे एकटे आमचे काका. "फार्मासिस्ट नाही त दुकान नाही," एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक उन्हात उभं राहून शिव्या घालायचं आणि काका निवांत बशीवर फुंकर मारायचे. फार्मसीचा डिप्लोमा करता करता मी त्यांच्याकडे कामाला होते. माणसानं इतकं ताठ असू नये, असं माझं मत होतं.

शटर एकदाच उघडं राहिलं. तांड्यावरची एक म्हातारी गोळ्या घेऊन गेली आणि पाच मिनिटांनी काकांच्या लक्षात आलं, बीपीऐवजी साखरेच्या गोळ्या गेल्या. तिची पुसदची बस सुटायची वेळ झालेली. काका अनवाणीच धावले, बस गाठून गोळ्या बदलून आले. तेवढ्यात मी एकाला औषध विकलं होतं. तो नेमका उन्हात ताटकळलेल्यांपैकी निघाला. त्यानं सूड उगवला आणि थेट फार्मसी कौन्सिलकडे तक्रार केली, की फार्मासिस्ट नसताना दुकानात औषध विकलं.

नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली. नाव कापलं गेलं असतं तर काकांचं सगळंच गेलं असतं, आणि औषध तर मी विकलं होतं. सुनावणीला मीही मुंबईला गेले. वकील म्हणाले, पोट बिघडलं होतं म्हणून सांगा. काकांनी मान डोलावली आणि आत गेल्यावर सरळ सांगितलं, "साहेब, तक्रारीत अर्धीच गोष्ट हाय. बाईले चुकीच्या गोळ्या मीच देल्या होत्या. त्या आनाले धावलो."

हे तक्रारीत नव्हतंच. वकिलांनी कपाळाला हात लावला. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, म्हातारी कशी आहे? बरी हाय, काका म्हणाले, दर बाजाराले येते अन् मलेच दटावते.

लेखी ताकीद मिळाली, नाव कायम राहिलं. माझा जीव भांड्यात पडला. परतीच्या गाडीत काका बडनेऱ्यापर्यंत घोरत होते आणि मला ते घोरणंसुद्धा गोड वाटत होतं.

ते ताकीदपत्र काकांनी फ्रेम करून सर्टिफिकेटाशेजारी लावलं. दोन वर्षांनी दुकान माझ्या हवाली करून ते मुलाकडे नागपूरला गेले. जाताना स्वतःचं सर्टिफिकेट उतरवून तिथे माझं टांगलं. मी ताकीदपत्रही काढायला गेले, तर त्यांनी हात धरला.

"हे राहू दे. हे आपल्या दोघायचं हाय."

आता चहाला जाताना मी शटर पाडते. लोक शिव्या घालतात.